दर्यात जायच्या आधी अंदाज बघताना

अरे, सुरुवातीलाच चार ॲप उघडून बसू नको. इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, एवढं रोज बघितलंस तरी पुष्कळ झालं.

नवीन पोरं हमखास चुकतात ती लाटांच्या उंचीत. 2 मीटर लिहिलंय म्हणजे प्रत्येक लाट 2 मीटर नव्हे, ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, मध्येच एखादी दुप्पट पण येते! आणि वारं पडलंय म्हणून फसू नको, गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखाशी पाणी शांत दिसतं आणि लांबच्या वादळाचा स्वेल (दुरून येणाऱ्या लाटा) येऊन वाळूच्या दांड्यावर फुटतो, म्हणून दोन लाटांमधले सेकंदही बघत जा, जास्त सेकंद म्हणजे लांबचा स्वेल.

- वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असतो, 1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी
- वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळव

चक्रीवादळाचे नकाशे नंतर शिकशील रे, घाई नाही.