उंचीसाठी उपाशी राहणारा मुलगा

‘मॅडम, वर्गात सगळ्यात बुटका आमचाच. ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं का?’ किशोरवयीन मुलांचे पालक माझ्याकडे येतात ते बहुधा अभ्यास, मोबाईल नाहीतर उलट बोलणं यांसाठी. पण अलीकडे हा प्रश्नही वरचेवर येतो, आणि जवळजवळ नेहमी दुसऱ्याच एखाद्या तक्रारीच्या आडून येतो. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही; इंजेक्शनचा निर्णय माझा नाही. पण या प्रश्नापायी घरात जे घडतं ते माझ्या कामाचं आहे. म्हणून एका कुटुंबाची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

सिंहगड रस्त्याला राहणारं कुटुंब. वडील बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर, आई पतसंस्थेत नोकरीला, घरात आजी आणि आठवीतला मुलगा. आईची तक्रार अशी की तो चिडचिडा झालाय, वर्गात पेंगतो, बाईंचा फोन आला होता. वडिलांनी तिला मध्येच थांबवलं. ‘मूळ मुद्दा वेगळा आहे,’ म्हणाले आणि लॅबचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नसताना, स्वतःच पैसे भरून त्यांनी मुलाचं ग्रोथ हार्मोन तपासून घेतलं होतं. सकाळी दहा वाजता घेतलेलं रक्त, आकडा ०.२. ‘याच्यात हार्मोनच नाही हो,’ ते म्हणाले. मुलगा शेजारीच बसला होता.

आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगा सुरुवातीला काहीच बोलेना. मग एनडीएचा विषय निघाला आणि तो खुलला. खडकवासल्याच्या वाटेवर लहानपणापासून कॅडेट पाहिलेले. त्याला तिथेच जायचंय. तिथे उंचीची अट असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्गातली मुलं त्याला ‘हाफ तिकीट’ म्हणतात, हे त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. दिवसभरात काय काय खातोस, असं विचारल्यावर त्याने दप्तरातून एक वही काढली. मागच्या पानांवर वेळा लिहिलेल्या होत्या. सकाळी फक्त पाणी. डबा मित्राला. दुपारी आजी वाढते ते जेवण. रात्री क्लासहून आल्यावर ‘वडापाव खाऊन आलोय’ असं सांगून काहीच नाही. रोज किती तास उपाशी राहिलो याची बेरीज त्याने नीट मांडली होती.

मी विचारलं, का रे बाळा?

‘उपास केला की ग्रोथ हार्मोन कितीतरी पट वाढतं. व्हिडिओत दाखवलंय. बाबा म्हणाले ना, माझं कमी आहे.’

मुलगा जेवण टाळतोय हे कळलं की काही गोष्टी विचाराव्याच लागतात, आणि त्या मी विचारल्या. जाड होण्याची भीती वाटते का, खाल्ल्यावर अपराधी वाटतं का, मुद्दाम उलटी काढतोस का, जगणं नकोसं होतं का. मुलीने जेवण सोडलं तर घरचे लगेच कान टवकारतात; मुलाच्या बाबतीत ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देतात. हे बदलायला हवं. या मुलात त्यातलं काही नव्हतं. बाबांच्या एका वाक्यावर त्याने आपल्या परीने उपचार सुरू केला होता, इतकंच. पण महिनोन्महिने चाललेला हा प्रकार घरात कुणाच्याच लक्षात आला नव्हता, कारण सगळ्यांचं लक्ष उंचीकडे होतं.

खरी अडचण अशी की व्हिडिओतलं ते वाक्य धडधडीत खोटं नाही. उपाशी शरीरात ग्रोथ हार्मोन वाढतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. त्यामुळे ‘असलं काही नसतं’ म्हणून मी ते उडवून लावलं असतं, तर त्याचा माझ्यावरचा विश्वास तिथेच संपला असता. मी त्याला संशोधनाची गोष्ट सांगितली. सेंट लुईसमधल्या सॅल्मन आणि डॉगाडे या संशोधकांना १९५७ साली एक कोडं पडलं होतं. उंदराच्या कुर्चेवर, म्हणजे मऊ, लवचीक हाडावर, थेट ग्रोथ हार्मोन टाकलं तर फारसं काही होत नव्हतं. पण ग्रोथ हार्मोन टोचलेल्या उंदराच्या रक्तातला द्रव टाकला की कुर्चा कामाला लागत होती. म्हणजे मध्ये आणखी कुणीतरी होतं. त्यालाच पुढे आयजीएफ-१ हे नाव मिळालं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन येतं, त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ बनवतं, आणि हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांना हे दोन्ही मिळून वाढवतात.

यकृत मात्र आधी पोटात काय आलंय ते बघतं. उष्मांक आणि प्रथिनं कमी पडली की ते ग्रोथ हार्मोनला दाद देत नाही आणि आयजीएफ-१ घसरतं. मग रक्तात वाढलेलं ग्रोथ हार्मोन दुसऱ्याच कामाला लागतं: साठवलेली चरबी मोकळी करायची, स्नायूंतली प्रथिनं वाचवायची, रक्तातली साखर टिकवायची. थोडक्यात, जीव जगवायचा. उंचीचं नंतर बघू. १९६६ साली केपटाऊनमध्ये क्वाशिओरकर झालेल्या, म्हणजे प्रथिनांअभावी अंगावर सूज आलेल्या मुलांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर सापडलं होतं. ती मुलं काही उंच होत नव्हती. नीट अन्न मिळायला लागल्यावर तो आकडा खाली आला.

मुलाने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे मी वाढवत होतो ते उलटंच होतं?’ त्याला वाईट वाटू नये म्हणून मी ते गुळगुळीत केलं नाही. हो म्हटलं.

वडिलांना पटायला वेळ लागला, पण पटल्यावर त्यांनीच ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. ‘सिमेंट आलं नाही तर हजेरीपटावर माणसं वाढवून स्लॅब पडत नाही,’ ते म्हणाले. त्या रिपोर्टबद्दलही बोलणं गरजेचं होतं. ग्रोथ हार्मोन रक्तात दिवसभर एकसारखं नसतं, ते लाटांनी येतं. सगळ्यात मोठी लाट रात्री पहिली गाढ झोप लागल्यावर. मधल्या वेळात ते जवळजवळ सापडतही नाही, त्यामुळे सकाळी दहाचा ०.२ निरोगी मुलातही येऊ शकतो. कमतरतेची शंका खरोखर असेल तर डॉक्टर औषध देऊन ठरावीक अंतराने अनेकदा रक्त घेतात. एका सुट्या आकड्यावरून मुलासमोर निकाल सांगायचा नसतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते ऐकून बराच वेळ गप्प होते.

तिथून मी त्यांना मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे बाल-एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे पाठवलं. पुण्यात या विषयावर फार मोलाचं काम झालंय. भारतीय बालरोग अकादमीने २०१५ साली सुधारलेले ५ ते १८ वर्षांच्या मुलांचे वाढीचे तक्ते आज देशभर वापरले जातात. त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. या तक्त्यावर मुलाची १४१ सेंटीमीटर उंची खालच्या बाजूला होती, पण तक्त्याच्या आत होती. डॉक्टरांनी आईवडिलांची उंची मोजली. वडील १६८, आई १५४. मुलाच्या बाबतीत दोघांच्या बेरजेत १३ मिळवून निम्मं करतात: १६७.५. त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे मूल जाऊन पोहोचण्याची शक्यता जास्त. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय जेमतेम अकरा निघालं. मुलगा तेरा वर्षांचा. म्हणजे वाढीच्या पट्ट्या अजून उघड्या आहेत, गाडी उशिरा सुटणार आहे. आजीला हे ऐकून आठवलं की दहावीच्या फोटोत तिचा लेक सगळ्यात पुढे बसवलेला होता आणि अकरावी-बारावीत त्याच्या पँटी सारख्या तोकड्या पडायच्या. वडील स्वतःचं हे साफ विसरले होते.

काळजीची जागा दुसरी होती. शाळेच्या आरोग्य कार्डावर आदल्या वर्षी ५ सेंटीमीटर वाढ दिसत होती, त्या वर्षी जेमतेम ३. वजनही उतरलेलं. थायरॉईड आणि गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या सीलिॲक आजाराच्या तपासण्या ठीक आल्या. आयजीएफ-१ कमी होतं, पण उपाशी मुलात ते कमी येणारच, म्हणून आधी खाणं सुधारा आणि मग बघू, असं डॉक्टरांनी ठरवलं. ड जीवनसत्त्व आणि बी१२ कमी होतं. पुण्यात याचं नवल नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यात बहुसंख्य मातांमध्ये बी१२ कमी आढळलं, आणि बाळं वजनाला कमी असूनही अंगात चरबी तुलनेने जास्त घेऊन जन्मतात हेही दिसलं. घरी मी हे सांगितलं त्यामागे कारण होतं. काय घडत होतं हे कळल्यावर आजीने बिस्किटं, तूप-साखर आणि उंची वाढवणाऱ्या पावडरीचा डबा यांचा मारा सुरू केला होता. नुसतं वजन चढवून हाडं वाढत नाहीत. रोज डाळ-उसळ, दूध-दही, अंडं (आजीने वेगळ्या भांड्यात करायची परवानगी दिली, यासाठी मी त्यांची फार ऋणी आहे), शेंगदाण्याचा लाडू, भाकरी-भाजी असं साधं खाणं ठरलं. रात्री दहाला मोबाईल आईकडे.

इंजेक्शनचा विषय वडिलांच्या मनातून जायला तयार नव्हता, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. ज्या मुलांच्या शरीरात हे हार्मोन खरंच बनत नाही त्यांना त्याने नवं आयुष्य मिळतं. पूर्वी ते मृत व्यक्तींच्या पिट्युटरीतून काढावं लागे. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं आणि १९८५ साली अमेरिकेत ते बंद करून प्रयोगशाळेत बनवलेलं आलं. आज ते सहसा रोज टोचावं लागतं, वर्षानुवर्षं, आणि खर्च मोठा असतो. कमतरता नसलेल्या ठेंगण्या मुलांना सरासरी फायदा काही सेंटीमीटरचाच होतो. या मुलाला डॉक्टरांनी ते दिलं नाही.

माझं उरलेलं काम शाळेत होतं. वर्गशिक्षिकेने ‘हाफ तिकीट’ थांबवलं, तेही मुलाचं नाव न घेता. घरी भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणा पुसायला सांगितल्या. वडील दर रविवारी मोजायचे, कधी सकाळी, कधी रात्री. आणि सकाळची उंची रात्रीपेक्षा जवळपास सेंटीमीटरभर जास्त भरते, त्यामुळे काही आठवड्यांत मुलगा ‘आखूड’ही झाला होता.

सहा-सात महिन्यांनी वजन भरून आलं, उंचीचा वेग पूर्ववत झाला, आवाज फुटायला लागला. तो अजूनही वर्गात सगळ्यात ठेंगणा आहे आणि त्याचं त्याला अजूनही वाईट वाटतं. त्याबद्दल आम्ही बोलतो. वही त्याने स्वतःहून मला देऊन टाकली.

तुमच्या घरी हाच प्रश्न असेल तर मूल शेजाऱ्याच्या मुलापेक्षा किती बुटकं आहे याऐवजी वर्षात किती वाढलं ते बघा. वयाच्या चौथ्या वर्षानंतर, वयात येण्याआधी, वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल; मूल तक्त्यावरच्या आपल्या रेषेवरून खाली घसरत असेल; मुलीला तेराव्या किंवा मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हं नसतील; किंवा सतत डोकेदुखी, नजर अधू होणं किंवा वारंवार जुलाब असतील, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. जाताना शाळेच्या आरोग्य कार्डावरच्या आणि लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी बरोबर घ्या. आणि त्याआधी, मूल रोज डबा खातं का, याची चौकशी करून ठेवा.