वाचकांचे प्रश्न : लेखन सुधारलं, हे दाखवायचं कसं?

प्रश्न : मालवणला सर्जनशील लेखनाच्या वर्गाला जाते. वर्ग संपताना ‘लेखक म्हणून माझी वाढ’ यावर 800 शब्दांचं टिपण द्यायचं आहे. ‘खूप शिकले, आत्मविश्वास आला, नजर बदलली’ असं लिहिलं, तर मार्गदर्शकांनी समासात ‘पुरावा?’ एवढंच लिहून परत दिलं. रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवरच्या, लेखातले फेब्रुवारीचे आणि एप्रिलचे उतारे सोबत पाठवते आहे.

उत्तर : पुरावा तुम्ही आम्हाला पाठवलाच आहे. फेब्रुवारीचा उतारा असा : ‘सकाळच्या सोनेरी किरणांत समुद्र अतिशय सुंदर दिसत होता. रापणकर आनंदाने दोर ओढत होते. त्यांचे कष्ट पाहून माझे मन भरून आले.’

आणि एप्रिलचा : ‘दोन्हीकडचे दोर ओढत माणसं जवळजवळ आली. जाळं ओल्या वाळूवर आलं. म्हातारीनं वाकून पाहिलं, “पेडवेच सगळे,” म्हणाली आणि रिकामी पाटी पुन्हा डोक्यावर ठेवली.’

आता हातात पेन्सिल घ्या. पहिल्या उताऱ्यातले सोनेरी, अतिशय, सुंदर, आनंदाने हे चार शब्द अधोरेखित करा. ते काढले तर हातात फक्त दोर उरतो; जाळं नाही, मासळी नाही. शिवाय दुसऱ्या वाक्यात रापणकर आनंदात आहेत आणि तिसऱ्यात कष्टात. तुम्ही पाहिलं होतं ते नेमकं काय? एप्रिलमध्ये तुम्ही भावना सांगणं सोडलंत आणि पाटी डोक्यावर परत चढवलीत. पेडव्यांसारखी स्वस्त मासळी लागल्याची निराशा त्या एका हालचालीत आली. टिपणात हेच लिहायचं, दोन्ही उतारे शेजारी ठेवून.

हा बदल कशामुळे झाला, ते मात्र तुम्हीच सांगू शकता, आणि टिपणाचा खरा जीव तिथेच आहे. वर्गात कुणी ‘मासळी कुठली लागली?’ असं विचारलं होतं? पुन्हा किनाऱ्यावर जाऊन शेवटचा दोर येईपर्यंत थांबलात? की मोठ्यानं वाचताना ‘अतिशय सुंदर’पाशी तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं? कारण नेमकं सापडलं, की तीच युक्ती पुढच्या लेखाला वापरता येते. नुसतं ‘मार्गदर्शकांमुळे’ लिहिलंत, तर टिपणाचं आभारपत्र होतं.

800 शब्दांत एकच बदल घ्या, फार तर दोन. साधारण 50 शब्द संदर्भाला, 350 तुलनेला, 250 कारणाला आणि उरलेले 150 अजून न जमलेल्या गोष्टीला. वर्गात शिकवलेलं सगळं ओळीनं मांडायचा मोह होतो. तसं केलं की प्रत्येक मुद्द्याला दोन-दोन वाक्यं मिळतात आणि एकही पटत नाही. एक गोष्ट जरूर तपासा : पहिल्या उताऱ्यात ‘मी’ होता, दुसऱ्यातून तो पार गेला. हे तुम्ही ठरवून केलंत की आपोआप झालं? सुधारताना काही गमावलं असेल, तर तेही वाढीच्या हिशोबातच धरावं.

प्रश्न : मी मोबाइलवर एकाच फाइलमध्ये खोडून खोडून लिहितो. जुने मसुदे नाहीत. तुलना कशाशी करू? (वेंगुर्ला)

उत्तर : गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल, तर तीच फाइल संगणकावर उघडा, फाइल मेन्यूतल्या व्हर्जन हिस्टरीत जुनी रूपं तारखेनिशी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला मजकूर पाठवला होता का, तेही शोधा. वर्गात चर्चेसाठी वाटलेल्या झेरॉक्स प्रती मिळाल्या तर सर्वांत उत्तम, कारण त्यांवर सोबत्यांचे शेरेही असतात. काहीच हाती लागलं नाही, तरी आठवणीनं ‘पहिला मसुदा’ रचू नका. आजच्या हातानं मुद्दाम वाईट लिहिलेलं लगेच ओळखू येतं. त्याऐवजी वर्गातलंच दुसरं जुनं लेखन घ्या.

पुढच्या वेळी दुरुस्तीला बसण्याआधी फाइलची प्रत करा आणि नावात तारीख घाला. वहीत लिहिणाऱ्यांनी आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवावा. ओल लागली की जेल पेनाची शाई फुटते, पानं चिकटतात, बुरशी धरते. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा आणि जून उजाडायच्या आत पानांचे फोटो काढून ठेवा.

प्रश्न : ऑनलाइन वर्गातल्या पुण्याच्या सोबत्यांना माझ्या कथेतली मालवणी कळेना, म्हणून मी सगळे संवाद प्रमाण मराठीत केले. ही वाढ म्हणता येईल? (कुडाळ)

उत्तर : आम्हाला तसं वाटत नाही. अडचण बहुतेक दोन-चार शब्दांची असते आणि त्यापायी सगळ्या पात्रांची बोली जाते. ‘माका ठावक नाय’ कुणालाही कळतं. जिथे वाचक खरंच अडतो, तिथे कंसात अर्थ देऊ नका, संवाद मध्येच तुटतो. पुढच्या वाक्यात पात्राला अशी कृती द्या, की अर्थ आपसूक लागेल. ‘खंय ठेवलंस?’ असं विचारणारी बाई लगेच फडताळ धुंडाळू लागली, तर आणखी काय सांगायचं राहतं? निवेदन प्रमाण मराठीत असू द्या. एक प्रसंग असा पुन्हा लिहून त्याच सोबत्यांना वाचायला द्या, आणि ते कुठल्या शब्दाला थांबले तेवढं टिपणात नोंदवा.