दादर परिसरात साधे खाणे कुठे मिळेल आणि बबल टी घ्यावी का?

शिवाजी पार्कच्या बाजूला येणार असाल, तर गोखले मार्गावरील ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष अवश्य घ्यावे, वडा गरम असतानाच मधोमध फोडून चटणीबरोबर खावा आणि सुट्टीच्या दिवशी रांगेची तयारी ठेवावी. सेना भवनाजवळच्या ‘आस्वाद’ची मिसळही चांगली आहे.

बबल टी, म्हणजे तळाशी चघळायचे छोटे गोळे (मोती) असलेला चहा, १९८०च्या दशकात तैवानमध्ये सुरू झाली. हे मोती टॅपिओकाचे, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाच्या स्टार्चचे असतात (उपवासाला चालेल का, हे घरच्या आजीला विचारावे). शिजवलेले मोती काही तासांत चिवट होत असल्याने, बबल टीसाठी वांद्र्याला गेलात, तर तिथल्या कोणत्याही दुकानात ते केव्हा शिजवले हे आधी विचारावे आणि साखर निम्मीच सांगावी.