रिक्वायर-जेएसमध्ये (पानाच्या जावास्क्रिप्ट फायली मागवणारा लोडर) एकच प्लगिन (लायब्ररीला जोडायचा जादा तुकडा) कधी चालतं, कधी 'फंक्शन नाही' म्हणून अडतं, असं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं बिलिंगचं जुनं पान तुमच्याकडे आलंय. हिंजवडीच्या ऑफिसात ते नीट चालतं, पण गाळ्यावर मोबाईलच्या नेटवर कधी तारीख निवडायचं कॅलेंडर (डेटपिकर प्लगिन) उघडतं, तर कधी कन्सोलवर 'डेटपिकर हे फंक्शन नाही' अशी लाल ओळ येते. तर सेटटाइमआउट (ठराविक वेळ थांबून कोड चालवणारं फंक्शन) लावून अर्धा सेकंद थांबावं का?

कृपया ते करू नका. अर्धा सेकंद ऑफिसात पुरेल, गाळ्यावर पुरेलच याची खात्री नाही, आणि सकाळी लिलाव चालू असताना बिल अडलं तर त्या माणसाचा खोळंबा होतो.

रिक्वायर-जेएस फायली एकदमच मागवतो आणि जी आधी पोचेल ती आधी चालते. डिफाइनच्या (आपल्या फाइलला काय काय लागतं हे सांगणाऱ्या हाकेच्या) यादीत तुम्ही जेक्वेरी (प्लगिन जिच्यावर चालतं ती लायब्ररी) आधी आणि प्लगिन नंतर लिहिलंय, पण त्या क्रमाने फायली चालतील असं तो कुठेच कबूल करत नाही. जेक्वेरीची फाइल मोठी, प्लगिनची छोटी. नेट संथ झालं की छोटी पुढे निघून येते, जेक्वेरी शोधते आणि तिथेच कोसळते.

आता प्लगिनची फाइल उघडा आणि तिच्यात 'डिफाइन.एएमडी' (define.amd) शोधा. सापडलं नाही, तर ते प्लगिन जुन्या पद्धतीचं आहे आणि त्याला कोण लागतं हे लोडरला आपणच सांगायचं असतं. त्यासाठी कॉन्फिगमध्ये (लोडरच्या सेटिंग्जमध्ये) शिम हा भाग आहे: प्लगिनच्या नावापुढे डेप्स (लागणाऱ्या फायलींची यादी) लिहा आणि त्यात जेक्वेरी द्या. मग जेक्वेरी पूर्ण चालल्याशिवाय ती फाइल मागवलीच जात नाही. 'डिफाइन.एएमडी' सापडलं, तर मात्र शिम लावू नका. ते प्लगिन स्वतःच जेक्वेरी मागून घेतं.

बहुतेक जण अडकतात ते पुढच्या गोष्टीत, म्हणून ती सविस्तर लिहितो. जेक्वेरी १.७ पासून स्वतःची नोंद एका ठरलेल्या नावाने करते, आणि ते नाव सगळं लहान अक्षरांत आहे: 'jquery'. तुम्ही पाथ्समध्ये (कॉन्फिगमधली कुठल्या नावाची फाइल कुठे आहे ती यादी) तिला मोठा क्यू घालून किंवा 'लिब' फोल्डरसकट नाव दिलंत, तर तुमच्या मॉड्यूलला (डिफाइनने लिहिलेल्या फाइलला) जेक्वेरीऐवजी अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच नाही, मिळतं. आणि एखाद्या प्लगिनने तिला खऱ्या नावाने मागितलं, तर दुसरी प्रत मागवली जाऊ शकते. पानात वर जुना स्क्रिप्ट टॅगही राहिला असेल, तरी दोन प्रती होतात. प्लगिन एका प्रतीला चिकटतं, तुम्ही हाक मारता दुसरीला, आणि कन्सोलवर तीच लाल ओळ! शिम कितीही बरोबर असला तरी ही चूक तशीच राहते. तपासायला सोपं आहे: नेटवर्क टॅबमध्ये जेक्वेरी किती वेळा उतरते ते पाहा. एकदाच उतरायला हवी.

पाथ्समध्ये फाइलच्या नावाला शेवटी डॉट जेएस लावू नका, लोडर ते स्वतः जोडतो. शिवाय डेटा-मेनने (लोडरच्या स्क्रिप्ट टॅगवर मुख्य फाइल सांगणारी खूण) दिलेली फाइलही मागाहूनच येते. पानातच खाली कुठे रिक्वायरची हाक असेल, तर ती कॉन्फिगच्या आधी धावू शकते. कॉन्फिग वेगळ्या स्क्रिप्टमध्ये, लोडरच्या लगेच खाली ठेवा.

गाळ्यावर 'लोड टाइमआउट' असंही दिसत असेल, तर तो वेगळा प्रकार. लोडर मुळात ७ सेकंद थांबतो. कॉन्फिगमधलं वेटसेकंड्स वाढवता येतं, पण त्यापेक्षा आर-जेएसने (रिक्वायर-जेएसचं फायली एकत्र बांधणारं टूल) सगळं एका फाइलीत बांधून द्या. अशा बिल्डमध्ये शिमवाल्या प्लगिनची जेक्वेरी सीडीएनवरून (बाहेरच्या सामायिक सर्व्हरवरून) आणू नका, तीही त्याच फाइलीत घ्या, नाहीतर क्रमाचा घोळ परत सुरू होतो.

लायब्ररीच्या आवृत्त्यांचंही आताच बघा. जुन्या प्रोजेक्टात फाइलच्या नावात आवृत्ती नसते, पण पहिल्या ओळीच्या कॉमेंटमध्ये बहुधा असते. ती पाहून पॅकेज-जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या लायब्ररींची यादी) टोपीचं चिन्ह (^) न लावता नेमका आकडा लिहा, लॉक फाइल गिटमध्ये टाका आणि सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' (लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या बसवणारी आज्ञा) चालवा. याच फेरीत जेक्वेरी नवी करायचा मोह टाळा. १.९ मध्ये लाइव्ह आणि ब्राउझर ही दोन जुनी फंक्शनं-गुणधर्म काढून टाकली, त्यामुळे ती वापरणारी जुनी प्लगिन्स तिथे मोडतात. पुढे करायचंच झालं, तर जेक्वेरी मायग्रेट ही जोडफाइल सोबत लावा. काय मोडणार आहे ते ती कन्सोलवर सांगत जाते.

सगळं व्हीटवर (Vite, नव्या पद्धतीचं बिल्ड टूल) हलवावं का, असं कुणी ना कुणी म्हणेलच. नवा प्रोजेक्ट असता तर मीही रिक्वायर-जेएस घ्या म्हटलं नसतं. पण चालू दुकानाचं बिलिंग आहे, तेव्हा आधी शिम आणि नावं दुरुस्त करा. कोणाला कोण लागतं याची ती यादी पुढे हलवतानाही जशीच्या तशी उपयोगी पडेल. दुरुस्तीनंतर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कॅश बंद करा, नेट '३जी'सारख्या संथ पर्यायावर ठेवा आणि पान पुन्हा पुन्हा उघडून बघा. तरीही लाल ओळ आली तर तुमचा पाथ्स आणि शिमचा भाग इथे टाका, मी पाहतो.