विमानाच्या केबिनमधले एलईडी दिवे इतके मंद होऊनही लुकलुकत का नाहीत? तिथे कोणता डिमर असतो, आणि तसा घरी लावता येईल का?

घरच्या डिमरवर एलईडी बल्ब पार खाली नेला की लुकलुकतो, मग विमानात तसं का होत नाही, असं तुम्ही विचारलंय. विमानात दिव्याच्या वाटेत डिमर नसतोच. आणि लुकलुकत नाहीत हेही अर्धसत्य आहे. काम निगुतीनं केलेलं नसेल तर विमानातले दिवेही व्यवस्थित लुकलुकतात.

घरातला ट्रायॅक डिमर (ट्रायॅक म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) विजेची लाट कापतो. बल्बमधल्या बिचाऱ्या सर्किटला त्या कापलेल्या लाटेतूनच स्वतःचं पोट भरायचं असतं आणि किती मंद व्हायचं हेही तिच्यातूनच ओळखायचं असतं. त्यात एलईडीचा भार इतका कमी की ट्रायॅक धड चालू राहत नाही. केबिनमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या असतात. दिव्याला वीज कायम पूर्ण मिळते: ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ, काही ठिकाणी २८ व्होल्ट डीसी. किती उजळायचं हा हुकूम वेगळ्या डेटाच्या तारांवरून येतो, बहुतेकदा आरएस-४८५ किंवा तत्सम बसवरून, म्हणजे अनेक उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक डेटावाटेवरून. प्रत्येक दिव्यात स्वतःचा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट), स्वतःचा मायक्रोकंट्रोलर आणि स्वतःचा पत्ता असतो. केबिन क्रू पॅनेलवर सीन (रात्रीचा वगैरे, आधी ठरवून ठेवलेला उजेड) निवडतो, कंट्रोलर आकडे पाठवतो, मंद व्हायचं काम दिवा स्वतः करतो.

इथवर सोपं आहे. खरी परीक्षा शेवटच्या एक-दोन टक्क्यांत असते. बाकीचे ९८ टक्के कोणालाही जमतात.

डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही. पूर्ण उजेडाच्या १८ टक्के उजेड आपल्याला "निम्मा" वाटतो, आणि जे "दहा टक्के" वाटतं ते प्रत्यक्षात जेमतेम १ टक्का असतं. आता ८-बिटचा, म्हणजे उजेडासाठी ० ते २५५ आकडे असलेला दिवा घ्या. त्याची सगळ्यात खालची पायरी २५५ मधली १, म्हणजे ०.३९ टक्के. तिथून २ वर गेलं की उजेड एकदम दुप्पट. अंधारात सरावलेल्या डोळ्याला तो धक्का स्वच्छ दिसतो. म्हणून "१ कोटी ६७ लाख रंग" ही जाहिरात वाचली की मला हसू येतं. लाल, हिरवा, निळा यांचे प्रत्येकी २५६ आकडे, म्हणजे तो २५६ चा घन आहे, बाकी काही नाही. त्यातले वरचे लाखो रंग एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, आणि खाली जिथे पायऱ्या हव्यात तिथे त्या नाहीतच.

मग बिट वाढवा ना! वाढवले. पीडब्ल्यूएम (दिवा झपाट्यानं चालू-बंद करून मंद करणं) ३००० हर्ट्झ आणि १२ बिट घेतले तर सर्किटचं घड्याळ १२.३ मेगाहर्ट्झचं लागतं आणि सगळ्यात छोटा पल्स ८१ नॅनोसेकंदांचा होतो. इतक्या वेळात साध्या ड्रायव्हरचा करंट धड वर चढतसुद्धा नाही. त्यामुळे आकड्यांच्या तक्त्यात पायरी असते, प्रत्यक्ष उजेडात नसते. १६ बिट म्हणाल तर घड्याळ जवळजवळ १९७ मेगाहर्ट्झवर जातं. पीडब्ल्यूएम सोडून नुसता करंट कमी करत गेलात, तर साधारण दहा टक्क्यांच्या खाली चिपाचिपांतला फरक उघडा पडतो, एकाच पट्टीतले काही एलईडी आधी विझतात, हिरव्याचा रंगही सरकतो. म्हणून माझ्या मते एकच मार्ग शहाणपणाचा: दहा-वीस टक्क्यांपर्यंत करंट उतरवा, तिथून खाली पीडब्ल्यूएम लावा. दोन्ही पंथांचे लोक यावर नाराज होतात, होऊ देत.

पीडब्ल्यूएमच्या वारंवारतेचं गणित आयईईई १७८९ (२०१५) या मानकात दिलंय. पूर्ण चालू-बंद होणाऱ्या उजेडासाठी १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी, ३००० च्या वर परिणाम नाही असं धरतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसले म्हणून दिवा वाईट ठरत नाही, तो कॅमेऱ्याच्या शटरचा खेळ असतो. त्यापेक्षा दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवून बघा. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर वारंवारता कमी आहे.

एक खोड मात्र खास विमानातलीच. ४०० हर्ट्झची वीज रेक्टिफाय केली (एसीची डीसी केली) की ८०० हर्ट्झची लहर उरते. ती आत नीट गाळली नाही आणि पीडब्ल्यूएमची वारंवारता ८०० च्या पटीच्या आसपास असली, तर दोघींच्या फरकाइतक्या संथ गतीनं उजेड श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. वारंवारता बदलून सुटका करून घ्यावी म्हटलं तर ७८७ किंवा ए३५० सारख्या विमानांत वीज इंजिनाच्या वेगाबरोबर ३६० ते ८०० हर्ट्झमध्ये फिरते. म्हणजे लहर ७२० ते १६०० मध्ये कुठेही. जमिनीवर ग्राउंड पॉवर ठराविक ४०० हर्ट्झची असते, त्यामुळे हँगरमध्ये सगळं झकास आणि उड्डाणात ठराविक इंजिनवेगालाच तक्रार. याला इलाज एकच, लहर दिव्याच्या आतच मारणं. त्यासाठी कपॅसिटर मोठे लागतात आणि वजन वाढतं. पण हे वजन कापायला जाऊ नये.

आता जे प्रकरण सांगतो त्यासाठीच खरं तर एवढं लांबड लावलं. एका विमानाच्या लॉगबुकात तक्रार: रात्रीच्या सीनकडे जाताना उजव्या साइडवॉलवर (केबिनच्या बाजूच्या भिंतीवर) एका जागी काळा तुकडा दिसतो. दिवा बदलला. पुढच्या फेरीत तीच तक्रार. कनेक्टर काढून साफ केला, पिना बघितल्या, पुन्हा तेच. दिवा पुन्हा बदलला. काढलेले दोन्ही दिवे दुरुस्तीच्या शॉपमध्ये गेले आणि "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत स्टोअरमध्ये आले. शॉपनं ते १००, ५० आणि २५ टक्क्यांवर मोजले होते आणि तिन्ही ठिकाणी ते निर्दोष होते. कारण दोष तिथे नव्हताच.

दिवे पूर्ण अंधारात, कमांडच्या अगदी खालच्या आकड्यांवर नेल्यावर उलगडा झाला. जुन्या फर्मवेअरचा (दिव्यातल्या सॉफ्टवेअरचा) दिवा कमांड ५ पर्यंत तग धरायचा. नव्या आवृत्तीत लाल चॅनेलची थरथर लपवायला कोणीतरी ९ च्या खाली सरळ बंद करून टाकलं होतं. पार्ट नंबर तोच, शेवटचं सुधारणेचं अक्षर फक्त वेगळं, आणि कागदोपत्री दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात. स्टोअरमध्ये माल नव्या आवृत्तीचा, त्यामुळे दिवा कितीदाही बदला, काळा तुकडा जागचा हलणार नव्हता! एकही दिवा बिघडलेला नसताना कनेक्टर पुन्हा पुन्हा उघडला गेला, आणि प्रत्येक उघडझापीत पिन वाकायची शक्यता असते ती वेगळीच.

असल्या तक्रारीत आधी केबिन काळोखी करा: दारं बंद, खिडक्यांचे पडदे खाली, गॅलीचे (विमानातल्या स्वयंपाकघराचे) दिवे बंद, आणि डोळ्यांना किमान दहा मिनिटं द्या. मग पूर्ण पांढऱ्यापासून शून्यापर्यंत सावकाश फेड चालवा, दोन मिनिटांपेक्षा कमी नको. कोणता दिवा कितव्या सेकंदाला विझला ते लिहून काढा. व्हिडिओ घेणार असाल तर एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कॅमेरा अंधार पडताच स्वतःच उजेड वाढवतो आणि दोष पुसून टाकतो. मग संशयित दिवा आणि त्याचा शेजारी यांची अदलाबदल. दोष दिव्याबरोबर गेला तर दिवा, जागेवर राहिला तर वायरिंग किंवा कमांड. इथे एक सापळा आहे. ज्या यंत्रणेत पत्ता दिव्याच्या मेमरीत असतो, तिथे अदलाबदलीनंतर पत्ते पुन्हा द्यावे लागतात. ते विसरलात तर दिवा जुन्या जागेचीच कमांड ऐकत राहतो आणि कमांडचा किंवा झोनच्या सेटिंगचा दोष दिव्याच्या माथी बसतो. पत्ता कनेक्टरच्या पिनांवरून ठरत असेल तर ही भानगड नाही. आणि हे सगळं करण्याआधी लेबलवरचं सुधारणेचं अक्षर वाचा. दोन मिनिटांचं काम आहे.

वरच्या प्रकरणात उपाय फुकटचा होता: नव्या आवृत्तीचे सगळे दिवे गोळा करून प्रवेशद्वाराजवळ एकत्र बसवायचे, म्हणजे शेजारी तुलना करायला जुना दिवा नाही. कायमचा उपाय म्हणजे शॉपमध्ये सगळ्यांवर एकच फर्मवेअर.

हाच न्याय रंगालाही. "जो गेला तोच बदला, रांग कशाला?" हा युक्तिवाद वर्षानुवर्षं ऐकला जातो आणि तो खर्चाच्या तक्त्यावर बरोबरही दिसतो. पण वापरून जुना झालेला दिवा मंदावलेला असतो, त्याच्या फॉस्फरचा (एलईडीचा उजेड पांढरा करणाऱ्या थराचा) आणि लेन्सचा रंग सरकलेला असतो, नवा कोरा दिवा त्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. रंगातला फरक मॅकअॅडम पायऱ्यांत मोजतात (एक पायरी म्हणजे साधारण डोळ्याला जेमतेम कळेल एवढा फरक). तीन पायऱ्यांच्या आतला फरक सुट्या दिव्यांत खपून जातो, पण साइडवॉलवर उजेड एकाच गुळगुळीत पृष्ठभागावर पसरतो, तिथे जोड दिसतोच. शिवाय लाल एलईडी तापला की निळ्या-हिरव्यापेक्षा फार जास्त मंदावतो, म्हणून तापमानाची भरपाई न करणारा दिवा तासाभरात निळसर होतो. तेव्हा नवे दिवे रांगेच्या टोकाला किंवा पार्टिशनमागे घाला आणि तिथले जुने मधे आणा. दिव्यात तासांचा काउंटर असेल तर त्याप्रमाणे जोड्या लावा. आणि हँगरचं दार उघडं ठेवून भर दुपारी, १०० टक्क्यांवर केलेली तपासणी ही तपासणी नव्हेच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा रात्रीच्या सीनमध्ये मधल्या वाटेवर उभं राहून साइडवॉलकडे बघावं.

रात्रीच्या सीनसाठी लक्समीटरवर फार विसंबू नका. मंद उजेडात डोळा निळ्याकडे झुकतो, त्यामुळे मीटरवर सारखे दिसणारे निळा आणि अंबर डोळ्याला सारखे दिसत नाहीत.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बाहेर पडायच्या वाटेसाठीचे आपत्कालीन दिवे या सगळ्यापासून स्वतंत्र असतात, त्यांची वीजही वेगळी. मुख्य वाटेवर आर्मरेस्टच्या उंचीला सरासरी ०.०५ फूट-कँडल, म्हणजे साधारण अर्धा लक्स, आणि किमान १० मिनिटं, अशी अट आहे. मूड लाइटिंगचा कोणताही प्रयोग तिथवर पोचता कामा नये. दुसरी, जमिनीवरच्या अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या. त्या केबिनच्याच उजेडावर चार्ज होतात आणि त्यांना हवा असतो जांभळा-निळा भाग. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या रेषा असत. पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपासचा निळा असतो, त्याखाली फारसं काही नाही. वॉर्म व्हाइटमध्ये तर निळाही कमी. म्हणून ट्यूब काढून एलईडी लावताना लक्स तेवढाच ठेवला तरी चार्जिंगची वेळ नव्यानं सिद्ध करावी लागते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी सुंदर अंबर सीन लावून बसलात तर पट्ट्या उपाशी राहतात. आणि अर्थातच दिव्याला हात लावणं मेंटेनन्स मॅन्युअल आणि मंजूर पार्ट यांच्या चौकटीतच. बाजारातला दिसायला तसाच दिवा डीओ-१६० या विमान-उपकरणांच्या मानकातल्या रेडिओ उत्सर्जनाच्या चाचणीतून गेलेला नसतो, आणि त्याचं प्लास्टिक आगीच्या चाचणीतूनही नाही.

राहिला तुमच्या घराचा प्रश्न. ट्रायॅक डिमर काढून टाका आणि दिव्याला कायम पूर्ण वीज द्या. डाली (दिव्यांना डिजिटल हुकूम देण्याची मानक पद्धत) ड्रायव्हर घ्या: त्याची वक्ररेषा डोळ्याच्या हिशोबानं आखलेली असते, ०.१ ते १०० टक्क्यांपर्यंत २५४ पायऱ्या आणि प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा फक्त २.८ टक्के उजळ. मात्र ड्रायव्हर घेताना किमान पातळी किती ते विचारा. अनेक स्वस्त ड्रायव्हर डालीचे असूनही १ टक्क्याच्या खाली उतरत नाहीत, आणि बेडरूममध्ये रात्री तो १ टक्कासुद्धा डोळ्यांवर येतो.