संकटात श्रद्धा, प्रेम आणि सेवा यांचा खरोखर आधार होतो का?

आपण विचारले आहे की, आई गेल्यावर आणि पाठोपाठ नोकरीही सुटल्यावर घरातील वडीलधारी माणसे 'देवावर श्रद्धा ठेव, माणसांवर प्रेम कर, सेवेत मन रमव' असे सांगत आहेत. या सांगण्यात काही तथ्य आहे का, आणि त्या वाटेने कोणी प्रत्यक्ष सावरले आहे का? मी सावरले आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. मात्र या तीन गोष्टी ज्या सोपेपणाने सांगितल्या जातात, तितक्या सहज त्या माझ्या वाट्याला आल्या नाहीत, आणि त्यांतील सेवेचा अर्थ तर मला सर्वांत उशिरा कळला.

मी नाशिकरोडला राहते. शाळेत शिक्षिका होते आणि यजमान येथील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, असे डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, सुरू झाले. ज्यांच्या घरात हा आजार आला नाही, त्यांना वाटते की रुग्णाला रुग्णालयात नेऊन आणले की काम संपले. प्रत्यक्षात उरलेले सर्व तास घरातच काढायचे असतात. दिवसभरात किती पाणी प्यायचे हे डॉक्टर ठरवून देतात आणि त्यात चहा, ताक, आमटी, औषधासोबत घेतलेला घोटसुद्धा धरावा लागतो. वैशाखातल्या दुपारी तहानलेल्या माणसाला 'आता नको' असे म्हणण्याचे काम ज्या बाईला रोज करावे लागते, तिच्या मनाची अवस्था मी सांगू शकते. या आजारपणात त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा शिकत होता.

प्रेमाविषयी आधी लिहिते, कारण तीनही गोष्टींत तेच मला प्रथम भेटले. माझ्या जाऊबाई स्वतःचे घर सोडून महिनोन्‌महिने आमच्याकडे येऊन राहिल्या. प्रेसमधील सहकारी आपापली पाळी सांभाळून यांना रुग्णालयात पोचवीत, आणि कोणी किती वेळा आले याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. जेलरोडच्या शेजारणी डबा पाठवीत. मी आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला राहिलेली बाई असल्याने दुसऱ्याच्या घरचा डबा हातात घेताना सुरुवातीला मला अत्यंत संकोच वाटे. तो संकोच गेला तो जाऊबाईंच्या एका वाक्याने. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही घेतलं नाही तर त्यांनी काय करायचं?" आपल्यालाही सध्या कोणी जेवायला बोलावत असेल, सोबत येऊन बसत असेल, तर नाही म्हणू नये, असे मी मनापासून सांगेन. दुःखात माणूस आपल्या लोकांना दूर सारतो आणि नंतर एकटेपणाची तक्रार त्याच्याच वाट्याला येते.

श्रद्धेविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. श्रद्धेने माझे यजमान वाचले नाहीत. मी येथील मुक्तिधाम मंदिरात जात असे, भिंतींवर कोरलेल्या गीतेच्या अठरा अध्यायांसमोर उभी राहत असे, आणि मागणे एकच असे. ते पूर्ण झाले नाही. त्यानंतर बरेच दिवस देवापुढे दिवा लावतानाही माझ्या मनात काही येत नसे. तरीही दिवा लावणे मी सोडले नाही, आणि आमच्या गल्लीतील भजनी मंडळातल्या बायकांनी मला एकादशीला बोलावणे सोडले नाही. गळा दाटून यायचा, शब्द फुटायचे नाहीत, तेव्हा मी नुसते टाळ वाजवून साथ दिली आहे. शेजारी बसलेल्या दहाबारा बायकांपैकी बहुतेकींनी कोणाला ना कोणाला गमावलेले होते. त्यांनी मला कोणताही उपदेश केला नाही. माझ्या दृष्टीने श्रद्धा म्हणजे मन रिकामे असतानाही नेम न मोडणे, आणि तो नेम एकट्याने नव्हे तर चार माणसांत पाळणे. आपला देवावरचा विश्वास उडाला आहे असे आपण लिहिले आहे. तो परत यावा म्हणून स्वतःवर जबरदस्ती करू नका. पूर्वी जो नेम होता, मग तो आईसोबत देवळात जाण्याचा का असेना, तेवढा सुरू ठेवून पाहा.

आपण नाशिकचे आहात, म्हणून येथे निवृत्तिनाथांची आठवण काढल्यावाचून मला राहवत नाही. त्यांची समाधी नाशिक शहरापासून तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरला आहे आणि आपल्यापैकी अनेकजण कुशावर्तावर स्नान करून, दर्शन घेऊन परत येतात. पण या थोरल्या भावाने काय सोसले याचा विचार क्वचितच होतो. वडील संन्यासातून परत संसारात आले म्हणून साऱ्या कुटुंबाला वाळीत टाकले गेले. परंपरा सांगते की, मुलांना समाजाने स्वीकारावे यासाठी आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. पोरक्या झालेल्या तिन्ही धाकट्या भावंडांचा भार निवृत्तिनाथांवर आला. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरावर नाथपंथी गुरू गहिनीनाथांकडून त्यांना जो उपदेश मिळाला होता, तो त्यांनी स्वतःपाशी न ठेवता धाकट्या ज्ञानेश्वरांना दिला. पुढे 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, नंतर सोपानदेवांनी सासवडला, मग तापीतीरी मुक्ताबाई गेल्या, आणि ज्याने तिघांना सांभाळले त्या थोरल्याला तिघांचेही जाणे पाहावे लागले. माझे दुःख त्यापुढे किती, असे म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. दुःखांची अशी तुलना करणे मला पटत नाही. सर्वांत धीराचा माणूसही यातून सुटत नाही, त्याला शोक होतो आणि तो होणे श्रद्धेच्या विरुद्ध नाही, एवढे मला त्या समाधीसमोर बसून समजले, आणि त्या दिवसापासून मी रडण्याची लाज बाळगणे सोडले.

सेवेची गोष्ट मात्र योगायोगाने सुरू झाली. यजमानांचे उरलेले कागद घेण्यासाठी मी रुग्णालयात गेले असता, बाहेरच्या बाकावर दिंडोरी तालुक्यातून आलेली एक तरुण बाई शहाळे घेऊन बसली होती. तिच्या नवऱ्याचे डायलिसिस नुकतेच सुरू झाले होते आणि शक्ती यावी म्हणून तिने ते प्रेमाने आणले होते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे काम करीत नसली की ते रक्तात साठते आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा घातक परिणाम होऊ शकतो. मी तिला शेजारी बसवून सर्व समजावले: बटाटा आणि भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, उकळून ते पाणी फेकून द्यायचे आणि मगच फोडणी करायची, कमी सोडियमचे म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम असू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरायचे नाही, ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्यांची जोडणी, केली आहे त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्या हाताने जड ओझे उचलू द्यायचे नाही. शिधापत्रिका घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी योजनेबाबत रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलाशी तिला नेले आणि उपचारांच्या खर्चासाठी असलेल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करायला लावली. घरी परतताना माझ्या ध्यानात आले की, यजमानांच्या आजारपणात जे जे शिकावे लागले आणि त्यांच्या जाण्याने निरुपयोगी झाले असे मी धरून चालले होते, ते कोणाच्या तरी अत्यंत उपयोगाचे होते.

तेव्हापासून ठरलेल्या वारी मी तेथे जाते. नव्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलते, अर्ज भरून देते, आणि कोणाला काहीच ऐकून घ्यायचे नसेल तर नुसती जवळ बसते. यातून माझे दुःख संपले असे मी म्हणणार नाही. पण आठवड्यातील त्या दिवशी सकाळी उठण्यास कारण असते, आणि माझे दुःख हे जगातील एकमेव दुःख आहे ही जी भावना माणसाला आतून पोखरते, ती तेथे टिकत नाही.

आपल्यासाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आई जाऊन फार दिवस झाले नसतील तर सेवेची घाई करू नका. स्वतःचे जेवण आणि झोप नीट नसताना दुसऱ्याला सांभाळायला गेलेला माणूस लवकर थकतो आणि चिडतो. झोप पूर्णपणे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर भजन किंवा सेवा यांच्या भरवशावर राहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते, मराठीतही बोलता येते, आणि पैसे लागत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे घरातील कोणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे.

आणि जेव्हा काही करावेसे वाटेल, तेव्हा आईच्या आजारपणात किंवा आपल्या नोकरीत आपण काय शिकलात तेथून सुरुवात करा. आपण हिशेबाचे काम करीत होता असे लिहिले आहे. रुग्णालयाच्या आवारात बिले, योजनेचे कागद आणि बँकेचे अर्ज हातात धरून गोंधळलेली माणसे रोज उभी असतात. तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटून, मी अमुक वारी, अमुक वेळेत येऊ शकतो, एवढे सांगा; सुरुवातीला एकच वार ठेवा, म्हणजे नवी नोकरी लागल्यावरही तो सांभाळता येईल.