हजार, साविर आणि सहस्र : आकड्यांच्या मुळाबद्दल तुला एक पत्र

प्रिय पोरी,

तुझा तक्ता बघितला, फारसी एका बाजूला आणि मराठी एका बाजूला, यक-एक, दो-दोन, चहार-चार, पंज-पाच, हश्त-आठ, बघून खरंच लई बरं वाटलं. पण खाली "हे आकडे फारसीतून मराठीत आले" असं लिहिलंयस ते खोडून टाक. पाच, सात, आठ हे मराठीला संस्कृत-प्राकृतातून वारशानं मिळालेत आणि फारसीला तिच्या जुन्या इराणी भाषेतून, वर कुठंतरी दोघींचं मूळ एक, म्हणजे ही भावकी आहे, उसनवारी नव्हे.

उसना शब्द बघायचाय तर हजार बघ. बहमनी-आदिलशाही काळात दफ्तरातनं, बाजारातनं तो आपल्यात रुळला. संस्कृतात सहस्र, अवेस्तात (पारशांच्या धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत) हझंग्र, फारसीत हजार. आता बेळगावच्या रविवार पेठेत जाऊन उभी राहा, आपला माणूस "दोन हजार" म्हणतो आणि कानडी माणूस "एरडु साविर". हा साविर जुन्या कन्नडात सासिर होता आणि तो सहस्रावरनंच आलाय! म्हणजे आर्य भाषा बोलणारे आपण इराणी रूप वापरतो आणि द्राविड भाषा बोलणारा शेजारी संस्कृताकडचं, आणि शब्द मुळात एकच. मला तर ही जोडी आपल्या सीमाभागातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

स आणि ह चा हा नियम पक्का धर, संस्कृतात स असतो तिथं इराणी भाषांत ह. संस्कृत सप्त, अवेस्ता हप्त, फारसी हफ्त. गावात हरिनाम सप्ताह बसतो आणि बँकेचा हप्ता भरायचा असतो, दोन्हीत तोच सात आहे. आणि स चा ह होतो कसा हे ऐकायला इराणला जायला नको, सत्तर म्हणून पुढं मोज की, एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. हा बदल आपल्याकडं वेगळ्या काळात झालाय, इराणीशी जोडू नकोस, पण कान तयार व्हायला चांगला.

आता फसायच्या जागा. यक आणि एक अगदी जुळे वाटतात ना, पण इराणीत मूळ शब्द ऐव, त्याला मागनं क लागून मग यक झाला, आपल्याकडं सुरुवातीपासनंच ऐक, म्हणजे आजच्या एकचं जुनं रूप. पश्तोत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या इराणी कुळातल्या भाषेत, अजून यौ म्हणतात. फारसी दह आणि मराठी दहा मुळात एकच, पण दोन्हीतला ह आपापल्या वाटेनं आलाय. उलट पश्तोत दहाला लस म्हणतात, ऐकायला काही संबंध नाही, पण तो सख्खा नातेवाईक, कारण तिथं द चा ल नियमानं होतो. म्हणून दिसण्यावर जाऊ नकोस, तोच बदल दुसऱ्या चार शब्दांत सापडतो का ते बघ.

हा ऐक किती कामाचा आहे सांगू? तुर्कस्तानात हित्ती नावाच्या प्राचीन लोकांच्या राजधानीत, हत्तुशात, मातीच्या पाट्या सापडल्या, त्यात मितान्नी या शेजारच्या प्राचीन राज्यातल्या किक्कुली नावाच्या माणसानं घोडे कसे तयार करायचे ते सांगितलंय, साधारण इसवी सनापूर्वी १४ व्या शतकातलं. फेऱ्यांसाठी शब्द आहेत ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. ऐव नाही, ऐक आहे, हप्त नाही, सत्त आहे, तेवढ्यावरनं कळतं की हे शब्द इराणी नव्हेत, आपल्या बाजूचे आहेत. आकडे एवढं बोलतात बघ.

तक्त्यात कन्नडचा कॉलम पण घाल, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, हे वेगळं कुळ, आणि ते समोर असलं की बाकीच्यांचं नातं जास्त उठून दिसतं. विटीदांडूतलं वकट, लेंड, मूंड, नाल पण लिही, ते तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु शी ताडून बघ. खानापूर, निपाणीकडच्या म्हाताऱ्या माणसांकडनं मोजणी रेकॉर्ड कर, एकोणीस ते नव्व्याण्णव पूर्ण, मधे तोडू नकोस, आणि म्हणतील तस्संच लिही, शुद्ध करत बसू नकोस. तक्ता झाला की पाठव, सत्तरीच्या ओळी मी आधी वाचणार आहे.

तुझा,
काका